कॉइनोनिया शेतावरील पहिले दिवस



दुष्काळफंडाच्या सभेंत अमेरिकेंतील एका ख्रिस्ती शेताची हकीकत कशाला, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येणें साहजिक आहे. चिटणिसांनीं मला तीच सांगण्याची आज्ञा केली. कारण असें कीं, त्या हकीकतींत शेतकऱ्यापेक्षां दुकानदार, सावकार व विमेवाले यांचाच भाग मोठा आहे. धर्मोपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं व हेतुही नाहीं; मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. २०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत स्वयंसेवक म्हणून मी त्या शेतावर राहिलों. तेथें जें पाहिलें, आणि त्या शेताच्या इतिहासाविषयीं वाचून व ऐकून जें समजलें, तेवढेंच निवेदन करितों.

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील जॉर्जिया संस्थानांत, सम्टर जिल्ह्यांत, अमेरिकस या गांवाच्या बाहेर कांहीं मैलांवर हें शेत आहे. १९४२ सालीं जॉर्डन व इंग्लंड या दोन कुटुंबांनीं ४४० एकर धुपलेली जमीन घेऊन तें सुरू केलें. मार्टिन इंग्लंड हे पूर्वीं ब्रह्मदेशांत मिशनरी होते. क्लॅरेन्स जॉर्डन यांनीं आधीं शेतकीची पदवी घेतली व मग नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत पांडित्य मिळविलें. दोहोंचा उपयोग एकाच नांगराला झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. ‘कॉइनोनिया’ हा ग्रीक शब्द, अर्थ सहभागिता. बायबलांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत पहिल्या शिष्यांची मिळकत समाईक होती असें वर्णन आहे, आणि तें अक्षरशः पाळावयाचें, एवढीच या मंडळींची प्रतिज्ञा होती.

मीं गेलों तेव्हां पेकनचा हंगाम ऐन भरांत होता. पेकन हें अक्रोडाच्या कुळांतील झाड. आपल्याकडील जुन्या आमराईसारख्या त्यांच्या उंच रांगा आहेत, आणि खालीं कोंकणांतल्यासारखी तांबडी माती. त्या मातींत एक जातीच्या मुंग्या असतात. नवख्याचें पहिलें स्वागत त्याच करितात, व त्या डंखाची आग दोन दिवस राहते. झाडाचें खोड यंत्रानें धरून हलवितात, फळांचा सडा पडतो, मग तो गोळा करून कारखान्यांत आणतात. हें काम पाहण्यास मोठें मौजेचें आहे, पण पहिल्या दिवशीं तें माझ्या वांट्यास आलें नाहीं.

स्वयंसेवक घरून निघतो तेव्हां आपल्या हातून कांहीं तरी मोठी सेवा घडावी, असें त्याच्या मनांत असतें. तेथें त्यास एका लांब टेबलापाशीं उभें करितात. यंत्र फळें फोडतें, हलकें टरफल वाऱ्यानें उडवितें, आणि गर पट्ट्यावरून समोर सरकत येतो. त्यांत राहिलेले टरफलाचे तुकडे व काळे पडलेले दाणे बोटांनीं वेंचून काढावयाचे. आपल्याकडे सुपांत तांदूळ निवडणाऱ्या बायकांस हें काम शिकवावें लागणार नाहीं. तास दोन तास झाले म्हणजे डोळ्यांपुढें नुसता पट्टा धांवूं लागतो. माझ्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक उभे होते, पलीकडे एक कॉलेजांतली मुलगी. आमची विद्या किती, जात कोणती, देश कोणता, हें कोणी विचारलें नाहीं. दाण्यांत टरफल राहूं नये एवढीच अपेक्षा. एवढा कटाक्ष कां, हें मला तेव्हां कळलें नव्हतें; पुढें कळलें, तें सांगतोंच.

मध्येंच घंटा होई. हातांतले काम थांबवून सर्व मंडळी क्षणभर स्तब्ध उभी राहत. ज्यास प्रार्थना करावयाची तो करी. दुपारचें जेवण एकत्र. कायमचे रहिवासी, आम्ही चार दिवसांचे पाहुणे, शेजारचे गोरे व काळे शेतकरी, सर्वांची एकच पंगत. भांडीं घासण्याची पाळी आळीपाळीनें सर्वांवर येई, आणि दुसऱ्या दिवशीं ती माझ्यावर आली.

सद्गृहस्थहो, पंगत हा शब्द मीं मुद्दाम वापरला. पंक्तिभेद म्हणजे काय हें आपणांस सांगावयास नको. या शेतावर १९४२ पासून गोरा व काळा एका टेबलाशीं जेवीत आणि दोघांस मजुरीही सारखीच मिळे. आरंभीं शेजाऱ्यांनीं कानाडोळा केला, कारण शेताचा त्यांस उपयोग होता. जॉर्डन यांनीं एक मोठी गोड व्यवस्था काढली होती; तिला ते गाईंचें वाचनालय म्हणत. ज्या गरिबाच्या घरीं मुलांस दूध नाहीं त्यानें एक दुभती गाय घेऊन जावी, ती आटली म्हणजे परत आणावी, आणि दुसरी न्यावी. भाडें नाहीं, तारण नाहीं. पुस्तक परत करावें तशी गाय परत करावयाची.

परंतु १९५० सालीं जवळच्या चर्चनें या मंडळींस आपल्या सभासदत्वांतून काढून टाकलें. १९५६ सालीं दोन काळ्या विद्यार्थ्यांस अटलांटा येथील एका सरकारी कॉलेजांत प्रवेश मिळावा म्हणून जॉर्डन मदतीस गेले, आणि ती बातमी फुटतांच सबंध जिल्ह्यानें शेतास वाळीत टाकलें. आपल्या देशांत वाळीत टाकणें म्हणजे न्हावी, धोबी, विहीर बंद. तेथें दुकानें बंद झालीं. बीं मिळेना, खत मिळेना, इंजिनाला तेल मिळेना. बँकेनें कर्ज नाकारलें, विमा रद्द झाला. शेताचा मुख्य धंदा अंड्यांचा; अंडीं कोणी घेईना व खुराकही कोणी विकेना, तेव्हां हजारों कोंबड्या काढून टाकाव्या लागल्या. रस्त्याच्या कडेस त्यांचें विक्रीचें दुकान होतें. १९५६ सालीं त्यावर बाँब पडला, आणि १९५७ च्या जानेवारींत दुसऱ्या स्फोटानें तें नाहींसेंच झालें. घरांवर रात्रीं गोळ्या झाडीत. १९५७ सालच्या ईस्टरच्या सुमारास न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध समाजसेविका डोरोथी डे या भेटीस आल्या व रात्रीं मोटारींत बसून पहाऱ्यास राहिल्या; त्यांच्या मोटारीवरही गोळ्या आल्या, सुदैवानें इजा झाली नाहीं.

येथें व्यापारी बंधूंनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. गांवांतील सर्वच दुकानदार दुष्ट होते असें नव्हे. एकानें पुन्हां खुराक विकण्याचें धाडस केलें, तों १९५७ च्या मे महिन्यांत त्याच्याच दुकानावर बाँब पडला. बाकीचे भ्याले. भ्यालेल्या माणसास दोष देणें सोपें असतें, विशेषतः दुरून.

मग शेत जगलें कसें? दान मागून नव्हे, निदान केवळ दान मागून नव्हे. जॉर्डन यांनीं हिशेब असा केला कीं, गांव आपला माल घेत नाहीं, पण टपालखातें गांवाचें नाहीं, सबंध राष्ट्राचें आहे. पेकन हा माल टिकाऊ, वजनाच्या मानानें किमतीचा, आणि पेटींत घालून कोठेंही धाडतां येण्याजोगा. तेव्हां तो टपालानें विकावयाचा. दूरदूरच्या ज्या लोकांस या शेताविषयीं कळवळा होता त्यांनीं नाताळच्या भेटीसाठीं मागण्या पाठविल्या. विम्याची सोय अशीच झाली: अनेक मित्रांनीं लिहून दिलें कीं आगीनें वा हल्ल्यानें नुकसान झाल्यास आम्ही प्रत्येकीं अमुक रक्कम भरूं. पैसा आज नको. शब्द आज हवा. माझ्या मतें या सर्व हकीकतींतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती हीच. आणि निवडण्याच्या टेबलावर टरफलाच्या एका तुकड्याविषयीं इतकी दक्षता कां, याचेंही उत्तर यांतच आहे. दयेनें घेतलेली पेटी गिऱ्हाईक एकदांच घेतो. माल चोख असला तर दर वर्षीं घेतो. मीं राहिलों त्या वेळींही, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावरही, त्याच टपालाच्या व्यापारावर शेताचा मोठा आधार होता.

दुसरा उपक्रम १९६८ चा. यंत्रें आल्यामुळें अर्धलीनें शेत करणारीं काळीं कुटुंबें उघड्यावर पडलीं होतीं. अलाबामांतील मिलर्ड फुलर व त्यांच्या पत्नी लिंडा यांनीं आपली मोठी संपत्ति वांटून टाकली होती. त्यांच्या साह्यानें जॉर्डन यांनीं एक निधि उभारला. त्यांतून साधीं पण भक्कम घरें बांधावयाचीं, नफा न घेतां तीं या कुटुंबांस विकावयाचीं, किंमत बिनव्याजी हप्त्यांनीं घ्यावयाची, आणि हप्त्यांतून पुढील घर बांधावयाचें. पहिलें घर पुरें होण्याच्या सुमारास, १९६९ च्या ऑक्टोबरांत, जॉर्डन आपल्या लिहिण्याच्या झोंपडींत एकाएकीं वारले. साध्या लांकडी पेटींत त्यांस शेतावरच पुरलें. पुढें १९७६ सालीं फुलर पतिपत्नींनीं याच रीतीवर ‘हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी’ ही संस्था काढली. तिचें काम आज आपल्या देशांतही चालतें.

सर्व गोडच होतें असें मीं सांगणार नाहीं. समाईक पैशावर राहणें कठीण आहे. कोण किती काम करितो यावर तेथेंही कुरकुर होते, पुष्कळ येतात व पुष्कळ जातात. १९९३ सालीं तर समाईक व्यवस्था मोडून पगारी पद्धत आणावी लागली, आणि २००५ सालीं ती मंडळी पुन्हां जुन्या मार्गाकडे वळली. आपण समाईक शेतें काढावींत असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. आपल्या भाऊबंदकीच्या मुलखांत तें आठ दिवस टिकणार नाहीं, असें माझे एक मित्र म्हणतात, व मला त्यांच्याशीं वाद घालतां येत नाहीं.

आतां आपल्या कामाकडे येतों. समितीच्या अन्नदानाविषयीं मला सांगण्यासारखें कांहीं नाहीं. तें चाललेंच पाहिजे. परंतु मृगाच्या आधीं बियाण्याचा प्रश्न येईल. ज्याची मागील उधारी फिटली नाहीं त्यास दुकानदार बीं देणार नाहीं, आणि त्याचाही नाइलाज आहे. म्हणून चिटणिसांनीं दाराशीं दोन वह्या ठेविल्या आहेत. पहिली देणग्यांची. दुसरींत पैसे भरावयाचे नाहींत. या तालुक्यांतील शेतकऱ्यांस बिनव्याजी उधारीवर बीं द्यावें, आणि पीक बुडाल्यास आपण किती रकमेपर्यंत भरपाई करूं, एवढें लिहून सही करावयाची. वसूल होईल तें पुढील गांवाच्या बियाण्यास जाईल. बियाण्याच्या व्यापाऱ्यांस विनंति एवढीच कीं, या हमीवर माल द्यावा, आणि तो चोख द्यावा. न उगवणारें बीं दुष्काळी गांवांत खपविणें सोपें असतें, पण तें एकदांच.

जमीनदार मंडळींपैकीं ज्यांच्या गोठ्यांत दुभतीं जनावरें आहेत त्यांच्यासाठीं त्याच वहीच्या शेवटच्या पानावर जागा ठेविली आहे. गाय द्यावयाची ती चाऱ्यासह द्यावी. नुसती गाय दिली तर दुष्काळांत ती घेणाऱ्यावर आणखी एका तोंडाचा भार होतो. कडब्याच्या पेंढ्या किती, व किती महिन्यांपुरत्या, तेंही तेथेंच लिहावें. वह्या शनिवारपर्यंत उघड्या आहेत. त्यानंतर कोणत्या गांवास किती बीं पुरेल याचा तक्ता करून रविवारीं तो व्यापाऱ्यांकडे पाठवावयाचा आहे.