सरड्याच्या आधी टब



आपण भेटतो तेव्हा बोलणं होतं ते काचपेटीतल्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याबद्दल. मला आज बोलायचंय ते पेटीशेजारच्या प्लास्टिकच्या टबाबद्दल. त्यात सरड्याच्या खाद्यासाठी वाढवलेल्या डुबिया झुरळांनाही पाळीव प्राण्यांसारखंच सांभाळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सरडा जेवतो ते आधी झुरळाने खाल्लेलं असतं.

हे झुरळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. टबाचा एक कोपरा 30 ते 33 अंश सेल्सिअस राहिला की वीण चांगली होते. तापमान 20च्या आसपास उतरलं की जवळजवळ थांबते. मादी अंडकोश बाहेर काढते, पुन्हा पोटात घेते आणि सुमारे दोन महिन्यांनी 20-30 जिवंत पिल्लं देते. तळाशी गळून पडलेले अंडकोश दिसले, तर माद्यांना ताण आहे हे ओळखा. बहुधा ऊब कमी पडलेली असते, हवा फार कोरडी असते किंवा आपणच टब सारखा उपसत असतो. पिल्लू वयात यायला चार ते सहा महिने लागतात, म्हणून मोठ्या माद्या सरड्याला घालू नका. जादा नर आधी काढा. नराचे पंख पूर्ण असतात, मादीचे आखूड. तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो.

कोकणातल्या पावसाळ्यात ओल टबाचा घात करते. बुरशी धरते, माइट्स होतात. झाकणाला मोठी जाळी लावा आणि मेलेली झुरळं लगेच काढा. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीट मॅट लागेल, पण थर्मोस्टॅटशिवाय नको. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा, म्हणजे लेंड्या खाली पडतात. उघड्या वाटीत पिल्लं बुडतात; पाण्यासाठी गाजर, संत्र्याची फोड पुरे.

खाण्याबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचंय. वाढ झपाट्याने व्हावी म्हणून कुत्र्या-मांजरांचं कोरडं खाणं भरमसाट घालणं मला मुळीच पटत नाही. प्रथिनं जास्त झाली की झुरळ जादा नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात अंगातल्या मेदात साठवतं. तो साठा सरड्याच्या पोटात जातो, आणि युरिक आम्ल बाहेर टाकायचं काम त्याच्या मूत्रपिंडांना आधीच पुरेसं असतं. ओट्स, गव्हाचा कोंडा यांवर वसाहत उत्तम वाढते. प्रथिनं थोडीच असू द्या. खायला घालण्याआधीचे 24 ते 48 तास शेवग्याचा पाला द्या. झुरळात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे वरून कॅल्शियमची पूड माखणंही चुकवू नका. वाकलेले पाय आणि मऊ पडलेला जबडा घेऊन सरडा दवाखान्यात येतो, तेव्हा अतिनील दिव्याइतकीच चौकशी या टबाचीही व्हायला हवी. इथल्या पशुवैद्यकांना माझी विनंती आहे, तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

आपल्या स्वतःच्या तब्येतीचंही पाहा. लेंड्यांची धूळ आणि कातींचे तुकडे श्वासात जाऊन ॲलर्जी होते, दमा बळावतो. टब मोकळ्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालूनच साफ करा. त्यातून निघालेला कचरा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय टाकू नका. त्यात काही मिलिमीटरची पिल्लं लपलेली असतात, आणि हा परका जीव आपल्या परिसरात सुटता कामा नये.