पहिले हजार किलोमीटर

गाडीचं इंजिन बांधून झालं, बिल चुकतं झालं, की काम संपलं असं मालकाला वाटतं. मिस्त्रीला तसं वाटत नाही. त्याच्या हिशेबानं इंजिनाचं शेवटचं काम अजून बाकी असतं, आणि ते त्याच्या हातात नसतं. ड्रायव्हरच्या पायात असतं. 'गाडी रनिंगमध्ये आहे' असं आमच्याकडे म्हणत. पहिले हजार किलोमीटर गाडी कशी चालवली, यावर ते इंजिन पुढची कित्येक वर्षं चालणार की सहा महिन्यांत निळा धूर काढणार, हे ठरतं.

वाईला माझ्या चाचांचं गॅरेज होतं. १९८९-९० च्या सुमारास मी बी. ए. करत होतो आणि संध्याकाळी तिथं बसत असे. वाई हे विश्वकोशाचं गाव. पण 'रिंग बसणं' हा शब्दप्रयोग मला गॅरेजातच भेटला. तो समजला की रनिंगचं निम्मं शास्त्र समजलं.

इंजिन झिजलं की सिलिंडरचं भोक गोल राहत नाही. मग ब्लॉक बोअरिंगला जातो. भोक थोडं मोठं करतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. माप 'थाऊ'मध्ये सांगायची पद्धत, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. बोअर झाल्यावर होनिंग करतात. दगडी कांड्या आत फिरवून सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात. नवख्याला वाटतं, एवढा गुळगुळीत बोअर ओरखडून का ठेवला? त्या रेघांत ऑइल टिकतं, आणि रेघांच्या टोकांवर घासून पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीच्या मापाच्या होतात. यालाच रिंग बसणं म्हणतात. कुठलंही मशीन हे काम पूर्णपणे करून देत नाही. ही रिंग आणि ही भिंत, दोघींनी एकमेकींना घासूनच ते करायचं असतं.

आता खरी गोम. रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला टेकते, पण तेवढा दाब पुरत नाही. इंधन जळून वायू फुगतो, तो पिस्टनच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला मागून भिंतीवर दाबतो. इंजिनावर भार असेल तर हा दाब मिळतो. भारच नसेल तर रिंग नुसती ऑइलवरून घसरत राहते. त्या रेघांतलं ऑइल तापून करपतं, भिंतीवर त्याचा कडक चकचकीत थर चढतो, आणि मग रिंग कधीच बसत नाही. उलट भार फार दिला, तर नव्या घट्ट जागेत घासून उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि इंजिन धरतं.

दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. एक वडापची जीप होती, डिझेलची. मे महिन्याचा हंगाम, पाचगणीला जाणाऱ्यांची गर्दी. इंजिन बांधून झालं त्याच दिवशी मालकानं गाडी स्टँडवर लावली. आत दहा-बारा माणसं, टपावर सामान आणि समोर पसरणीचा घाट. सगळी चढण दुसऱ्या गिअरात, ॲक्सिलरेटर तळाला. अर्ध्या घाटात गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर पायी उतरून आला आणि दारातूनच म्हणाला, "उस्ताद, इंजिन धरलं." दोष त्याचा नव्हता. त्याला खेपेवर पैसे मिळत होते, आणि मालकाला नाही म्हणायची त्याची ऐपत नव्हती. बोलणी मात्र त्यालाच बसली.

दुसरी गाडी एका निवृत्त गुरुजींची, प्रीमियर पद्मिनी. ते स्वभावानं फार जपणारे. इंजिन नवं आहे म्हणून त्यांनी हजार किलोमीटर गाडी तिशीच्या वर नेली नाही, आणि तेही टॉप गिअरमध्ये. इंजिन बिचारं ठोके देत चाललेलं. हजारानंतर ऑइल पिऊ लागली. चाचांनी हेड उघडून बोट फिरवलं. बोअर आरशासारखा चमकत होता.

"मिस्त्री, मी तर इतकी जपून चालवली," गुरुजी म्हणाले.

"जपलीत ना, गुरुजी, म्हणूनच," चाचा म्हणाले.

पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा. गुरुजींना ते अखेरपर्यंत पटलं नाही, आणि त्यात नवल नाही. 'नवं आहे, हळू चालवा' ही आपल्याकडची जुनी शिकवण. इंग्लंडात एके काळी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावत. तिचाही लोकांनी हळू चालवा एवढाच अर्थ घेतला.

या दोन गाड्यांनंतर चाचांनी मला पुठ्ठ्यावर सूचना लिहायला बसवलं. माझं लेखन लोकांनी रोज समोर ठेवून वाचलं, ते तेवढंच. पुठ्ठा आरशाला टांगायचा असे. पहिली सूचना गॅरेजासाठीच होती: इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडू नये. काही ठिकाणी नवं इंजिन तासन् तास आयडलवर फिरवत ठेवत आणि त्याला रनिंग समजत. अँबेसेडर, पद्मिनी यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि त्याला क्रँकनं उडवलेलं ऑइल मिळतं. आयडलवर ते पुरेसं उडत नाही. म्हणून पहिली वीसेक मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. मग थंड करून हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे, टॅपेट बघायचे.

पुढचं ड्रायव्हरसाठी. सपाटीचा रस्ता घ्यावा. वाई, सुरूर, भुईंज, पाचवड आणि परत वाई असा फेरा त्यासाठी सोयीचा होता. माणसं निम्मी. तिसऱ्या गिअरात तीसवरून पन्नासपर्यंत जोर देऊन न्यावी, मग पाय काढून तिला तिच्या वेगानं उतरू द्यावं, पुन्हा न्यावी. पेट्रोलच्या इंजिनात पाय काढला की सिलिंडरात पोकळी होते, खालचं ऑइल वर ओढलं जातं, भिंत थंड होते आणि घासून निघालेली धातूची कणी धुऊन जाते. एकाच वेगानं लांब जाऊ नये. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदलावा. ते पहिलं ऑइल उन्हात धरलं की त्यात चंदेरी भुकटी चमकायची.

लिहायला सोपं, पण निम्मी माणसं म्हणजे निम्मे पैसे. हप्ता थांबत नाही. मालक म्हणे तोटा ड्रायव्हरनं सोसावा, ड्रायव्हर म्हणे इंजिन मालकाचं. चाचांनी तोड काढली. जो मालक आठवडाभर सपाटीवर गाडी चालवू देईल, त्याच्या ऑइलबदलाची मजुरी माफ. काहींनी ऐकलं. ज्यांनी नाही ऐकलं, त्यांच्या गाड्या पुन्हा आल्याच, आणि तेव्हा मजुरी पुरी लागली. माझ्या मते, बोअरिंगच्या बिलातच या आठवड्याचा खर्च धरायला हवा. तो वेगळा दिसतो म्हणूनच टाळला जातो.

अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ मध्ये गेली. आता कारखान्यातला बोअर फार सफाईनं होन केलेला असतो, त्यामुळे नव्या इंजिनाला एवढं सोसावं लागत नाही. तरीही बहुतेक माहितीपुस्तिकांत पहिल्या हजार किलोमीटरसाठी एक पान असतंच: एकदम जोर देऊ नका, फार वेळ एकाच वेगानं जाऊ नका. पण दसऱ्याला गाडी घ्यायची, हार घालायचा आणि थेट द्रुतगती मार्गावर एकाच वेगावर लावून द्यायची, असं आपण करतो. नव्या टायरना आणि ब्रेकनाही पहिले काही शे किलोमीटर लागतात, हे तर कुणी लक्षातच घेत नाही. ऑइलच्या बाबतीत मात्र पुस्तिकेचंच ऐकावं. काही कंपन्या पहिलं ऑइल मुदतीआधी बदलू नका म्हणतात. जुना मिस्त्री काहीही म्हणो, तिथं पुस्तिका बरोबर.

बांधलेल्या इंजिनाला मात्र अजून जुनाच नियम. रिंग बसली की नाही, हे चाचा दोन गोष्टींवरून ओळखत. ऑइलची पट्टी रोज सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागी बघायची. पातळी उतरायची थांबली पाहिजे. आणि चालू इंजिनाच्या ब्रीदरवर तळहात धरायचा. सुरुवातीला वाफ जोरानं लागते, पुढे पुढे ती कमी होत जाते. तळहाताला नुसती ऊब लागली, की ते ड्रायव्हरला म्हणत, "हां, आता भर माणसं. जा पाचगणीला."