गोवर आणि राहून गेलेला दुसरा डोस

(व्याख्यानाचा मजकूर)



बालकांच्या आजारांमध्ये गोवराइतका परिचित, आणि म्हणूनच गोवराइतका कमी लेखला गेलेला आजार दुसरा क्वचितच असेल. पोलिओचे नाव निघताच माता-पिता सावध होतात, धनुर्वाताला तर सर्वच भितात. गोवर मात्र ‘सगळ्यांनाच एकदा निघतो’ एवढ्या एका वाक्यावर सोडून दिला जातो. मूल तापले, अंगावर लालसर पुरळ उठले, की उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवावा, घरात फोडणी घालू नये, गोवर पुरता बाहेर पडू द्यावा, अशी जुन्या घरांतील रीत होती. त्या रीतीने आजारी मूल इतरांपासून थोडेफार वेगळे राही, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु औषध देऊ नये, ही तिची दुसरी बाजू अनेक बालकांच्या जिवावर बेतली. गोवरात मूल दगावते ते पुरळामुळे नव्हे. विषाणूने दुबळ्या केलेल्या शरीरात न्यूमोनिया शिरतो, अतिसार जडतो, क्वचित मेंदूला सूज येते; ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या बालकाची दृष्टीही जाऊ शकते. इतकेच नव्हे, तर इतर रोगांशी लढण्याची शरीराने कमावलेली शक्तीसुद्धा गोवर काही अंशी पुसून टाकतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे गोवरातून उठलेले मूल बरे झालेले दिसते, पण पुढे दीर्घकाळ ते इतर आजारांना अधिक सहज बळी पडते.

या रोगाची चाल सर्वांत स्पष्टपणे दिसली ती उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर. ही बेटे डेन्मार्कच्या अधिपत्याखाली होती. १७८१ च्या साथीनंतर तेथे तब्बल ६५ वर्षे गोवर फिरकला नाही. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पुन्हा उतरला आणि काही महिन्यांत ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे अंथरुणाला खिळली. डेन्मार्क सरकारने पाठविलेला तरुण डॉक्टर पीटर पानुम गावोगाव फिरला, कोणाला कोणत्या दिवशी पुरळ उठले याच्या तारखा त्याने वहीखात्याच्या काटेकोरपणाने जुळविल्या आणि संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत १३-१४ दिवस जातात, हे निश्चित केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले जे वृद्ध हयात होते, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. एकदाचे संरक्षण पासष्ट वर्षे टिकले होते. लस निघण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी केवळ विचारपूस करून हाती आलेला हा निष्कर्ष थक्क करणारा आहे.

रोग न भोगता तेच संरक्षण मिळावे, ही सोय लसीने केली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे जॉन एन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शाळकरी मुलाच्या शरीरातून गोवराचा विषाणू वेगळा केला. त्यापासून सौम्य केलेली लस १९६३ मध्ये वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवराची लसही त्याच विषाणूच्या वंशातील आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून गोवराचा एक डोस दिला जाऊ लागला, दुसऱ्या डोसाची सुरुवात २०१० मध्ये झाली आणि २०१७ पासून त्यात रुबेलाची लस मिसळण्यात आली. रुबेला बालकाला फारसा त्रास देत नाही, पण गर्भवतीला झाल्यास पोटातील बाळाचे हृदय, डोळे व कान यांवर आघात करतो.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दोन कशासाठी, हा प्रश्न सुशिक्षित घरांतही विचारला जातो आणि तो रास्त आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाचे सुरुवातीचे काही महिने रक्षण करते. तीच लसीच्या आड येते. नवव्या महिन्यात लस दिलेल्या शंभर बालकांपैकी सुमारे पंच्याऐंशी सुरक्षित होतात. उरलेली पंधरा कोणती, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून दुसरा डोस सर्वांनाच द्यावा लागतो. पहिल्याला जोर यावा म्हणून दिलेला हा जादा डोस, असा जो समज आहे तो चुकीचा होय. ज्यांना पहिल्याचा लाभच झाला नाही, त्यांच्यासाठी तो मुख्यत्वे असतो. पण दीड वर्षाचे मूल चालू-बोलू लागलेले असते, आई माहेरी गेलेली असते किंवा बिऱ्हाड बदललेले असते, कार्ड कपाटात कुठेतरी जाते, आणि तो डोस राहून जातो.

गोवराचा एक रुग्ण, संरक्षण नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून साथ रोखण्यासाठी पंच्याण्णव टक्के बालकांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, आणि तेही प्रत्येक वस्तीत. शहराची सरासरी येथे फसवते. तागा कितीही भरदार असो, एका ठिकाणी वीण विरलेली असेल तर कापड तेथूनच फाटते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत हेच घडले. करोनाच्या काळात अनेक बालकांचे डोस चुकले होते. गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराने जोर धरला, बालके दगावली. मालेगाव, भिवंडी येथेही रुग्ण आढळले. अगदी तान्ह्या बाळांना लागण होऊ लागल्यामुळे अशा भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यांना कळविले. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नव्हता.

राहून गेलेला डोस पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सरकारी केंद्रात विनामूल्य देता येतो. कार्ड हरवले असले, तरी बालकाला केंद्रात न्यावे. पहिला डोस झाला की नाही हे खात्रीने आठवत नसेल, तर तेथील परिचारिकेला तसे स्पष्ट सांगावे. चुकून एखादा डोस अधिक झाला तरी त्याने अपाय होत नाही.