खिशातला चाकू : चकाकी नको, पाणी बघा

(घाटनांदूर येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव सोडून चाकूवर काय बोलता, असे कुणी म्हणेल. पण सुतळी कापायची, खताचे पोते फोडायचे, कडब्याच्या पेंढीचा बंद तोडायचा, तर पाते दिवसातून वीस वेळा हातात येते. ते घेताना आपण पाहतो काय? चकाकी आणि किंमत. बियाण्याच्या पिशवीचे लेबल वाचा, असे आम्ही सांगत आलो. चाकूला तर लेबलही नसते.

सारा खेळ कर्बाचा आहे. खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडात शेकडा पाव भागाहूनही कमी कर्ब असतो. ते लालबुंद करून कितीही वेळा पाण्यात बुडवा, धार धरण्याइतके कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास किंवा थोडा जास्त कर्ब असतो. त्याला पाणी चढते. म्हणून तर लोहार कोयत्यासाठी कमानपाटा शोधतो. तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ज्या जिल्ह्यात 'कोयता' म्हणतात, तिथे हे आम्ही वेगळे काय सांगणार? आपण ज्या निजामी मुलखात होतो, त्यातल्याच निजामाबादकडच्या कोनासमुद्रमचे जास्त कर्बाचे पोलाद घ्यायला एके काळी इराणी व्यापारी येत.

आता स्टेनलेस. लोहचुंबक चिकटले की माल खोटा, असा समज आहे. चाकूच्या बाबतीत तो उलटा. ताट-वाटीच्या ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, ते तापवून कडक होतच नाही. चाकूच्या स्वस्त स्टेनलेसमध्ये शेकडा तेराच्या आसपास क्रोमियम असते आणि त्याला चुंबक चिकटते. हे गंजत नाही, पण कर्ब बेताचा, म्हणून धार लवकर बसते. लिंबू-कांदा कापायला ते बरे. रानातल्या कामाला आम्ही कमानपाट्याचेच पाते घेऊ. पावसाळ्यात गंजते, हे खरे. पुसून तेलाचे बोट फिरवा. साध्या पट्टीचा रंगवलेला चाकू मात्र फुकट मिळाला तरी महाग.

ओळखायचे कसे? मुठीजवळ धारेवर बारीक कानस फिरवा. पाणी दिलेल्या पात्यावरून ती कुरकुरत घसरते, मऊ पात्यात सहज रुतते.

चांगले पातेही आपण बिघडवतो. आम्ही आमचाच चाकू एकदा मोटारीच्या चाकावर धार लावायला दिला. ठिणग्या पाहून खूष झालो. हातात आला तेव्हा धारेची कड निळी पडली होती. पोलाद निळे पडले म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास तापले आणि तेवढ्या जागेचे पाणी उतरले. आमची शेतकीची पदवी तेव्हा कामी आली नाही. निळी कड घासून काढताना पाते बोटभर अरुंद झाले. चाकावर धरायचेच तर घडोघडी पाण्यात बुडवत धरा. त्याहून ओला दगड बरा.

जेवणानंतर दगड आणि कानस ओट्यावर ठेवतो. आपापली पाती घेऊन या. बाया खुरपी आणतील तर आधी त्यांची पाहू.