गळक्या शॉवरचे निदान

न्हाणीघरातील शॉवर बंद केल्यावरही त्यातून थेंब पडत राहिले की घरातील माणसांचे लक्ष प्रथम शॉवरकडेच जाते आणि तोच बदलण्याची भाषा सुरू होते. परंतु बहुतेक वेळा बिघाड शॉवरमध्ये नसतोच. शॉवरची जाळी, म्हणजे बारीक छिद्रे पाडलेली चकती, पाणी केवळ विखुरते. ते अडवण्याची सोय तिच्यात नसते. पाणी अडते ते खाली, हाताच्या उंचीवर बसवलेल्या कॉकमध्ये, आणि गळती थांबत नसेल तर दोष त्या कॉकमध्येच शोधावा लागतो. ज्या कुटुंबाला महिन्याचा खर्च हात राखून करावा लागतो त्याच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण नवा शॉवर आणून बसवला तरी ठिबकणे तसेच राहते आणि पैसे मात्र गेलेले असतात. या दुरुस्तीतील खरी काटकसर स्वस्त वस्तू शोधण्यात नाही. काही विकत घेण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवण्यात ती आहे.

प्रत्येक ठिबकणे म्हणजे गळती, असेही नव्हे. कॉक बंद झाल्यावर शॉवरच्या पोकळीत थोडे पाणी शिल्लक राहते आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला एकत्र धरून ठेवणाऱ्या ओढीमुळे, ते छिद्रांशी अडकून राहते आणि सावकाश थेंबाथेंबाने उतरते. काही मिनिटांनी हे थेंब थांबले तर दुरुस्तीची गरज नाही. अर्धा तास उलटूनही ते पडत असतील, तर कॉक पाणी सोडतो आहे असे समजावे आणि शॉवरखाली तासभर भांडे ठेवून साठलेले पाणी मोजावे. थेंबाचा आकार सगळीकडे सारखा नसतो. पण चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब या गतीने तासाला ९०० मिलिलिटर आणि दिवसाला सुमारे साडेएकवीस लिटर पाणी वाहून जाते. ठिबक सिंचनात पिकाच्या मुळाशी तासाला दोन लिटर पाणी देणारी तोटी सर्रास वापरली जाते. गळका शॉवर तिच्या जवळजवळ निम्मे पाणी रात्रंदिवस सोडत असतो, आणि तेही कोणत्याही पिकाला न मिळता. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्याच्याशी ताडून पाहिले, तर एका माणसाच्या वाट्याच्या पाण्यापैकी सुमारे दोन पंचमांश पाणी एका दुर्लक्षित कॉकमधून जाते.

एवढे पाणी जात असूनही ते अनेक घरांत दुर्लक्षित राहते, याचे एक कारण पाण्याच्या बिलात आहे. बहुसंख्य गृहनिर्माण सोसायट्यांत संपूर्ण इमारतीला एकच मीटर असतो आणि बिलाची रक्कम सर्व सदनिकांत वाटली जाते, त्यामुळे एका घरातील गळतीचा भार सर्वांवर विरघळून जातो आणि कोणालाच जाणवत नाही. मात्र गळती गरम पाण्याच्या बाजूने असेल आणि गीझर चालू ठेवला जात असेल, तर भुर्दंड त्याच घराला बसतो. वीस लिटर पाण्याचे तापमान तीस अंशांनी वाढवण्यास सुमारे पाऊण युनिट वीज लागते. ती रोज मोरीत सोडून देणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

निदानाचा पुढचा टप्पा म्हणजे गळती कोणत्या बाजूची आहे हे पाहणे. भिंतीवरच्या मिक्सरला, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या जोडणीला, दोन मुठी असतील तर गीझरकडे जाणारे पाणी अडवणारा छोटा कॉक, ज्याला अँगल कॉक म्हणतात, बंद करून थोडा वेळ थांबावे. थेंब थांबले तर दोष गरम बाजूच्या कॉकमध्ये, न थांबले तर थंड बाजूच्या. बादली भरण्यासाठी खालचा नळ सोडला असतानाच वरून थेंब पडत असतील, तर दोन्ही कॉक निर्दोष असून डायव्हर्टर, म्हणजे पाण्याला बादलीकडे किंवा शॉवरकडे वळवणारी कळ, झिजलेली असते. शॉवर आणि भिंतीतून येणारा नळ यांच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, तर प्रश्न केवळ आट्यांवरील टेपचा असतो. गळतीची वेळही काही सांगून जाते. टाकीच्या पाण्याची पातळी कॉकपेक्षा दहा मीटर उंच असेल तर कॉकवर साधारण एक वातावरणाइतका दाब येतो, आणि रात्री इमारतीतील इतर नळ बंद झाले की वाहत्या पाण्यामुळे कमी झालेला दाब पुन्हा पूर्ण होतो. म्हणूनच खालच्या मजल्यांवर आणि रात्रीच्या वेळी ठिबकणे वाढलेले दिसते.

जुन्या पद्धतीचा कॉक बंद करण्यासाठी मूठ अनेक वेळा फिरवावी लागते. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने १८४५ मध्ये अशा स्क्रूने दाबल्या जाणाऱ्या नळाचे पेटंट घेतले, आणि त्याची रचना आजही मूलतः तीच आहे. मुठीबरोबर फिरणारा पितळी दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, आट्यांवरून खाली उतरतो आणि टोकाचा रबरी वॉशर सीटवर, म्हणजे पाण्याच्या वाटेभोवतीच्या गोल कडेवर, दाबून बसवतो. वॉशर कडक झाला, चिरला किंवा त्याखाली वाळूचा कण अडकला की ही वाट पूर्ण मिटत नाही. ठरावीक वेळेलाच पाणी येणाऱ्या वस्त्यांत नळाला पाणी सुटताना पहिल्या लोटाबरोबर गाळ येतो, त्यामुळे तेथे हा त्रास अधिक. थेंब थांबवण्यासाठी मूठ जोर लावून आवळणे हा सर्वत्र दिसणारा उपाय वॉशरला आणखी कापतो आणि कालांतराने सीटही खराब करतो. तो टाळलेला बरा.

वॉशर बदलण्यास एक पाना, एक पेचकस आणि अर्धा तास पुरतो. गीझर भिंतीवरील बटणातून बंद करून, टाकीकडून येणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह मिटवून, खालचा नळ सोडून नळीतील पाणी आणि दाब संपू द्यावा. त्यानंतर नहाणी ट्रॅपवर, म्हणजे फरशीतील सांडपाण्याच्या जाळीवर, एखादे फडके अंथरावे, कारण मुठीचा बारीक स्क्रू त्यात गेला तर दहा रुपयांचे काम शंभरावर जाते. मुठीवरील टोपी नखाने किंवा पेचकसाच्या टोकाने उचकटली की खाली तो स्क्रू दिसतो. तो काढून मूठ आणि भिंतीलगतची चकचकीत वाटी वेगळी केली की स्पिंडलचा षटकोनी भाग मोकळा होतो. पान्याच्या जबड्यांमध्ये कापड धरून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यास स्पिंडल अखंड बाहेर येतो, आणि त्याच्या टोकाला बसलेला वॉशर पाहताच बहुधा सगळा उलगडा होतो, कारण सीटच्या कडेने त्याच्यात गोल खाच पाडलेली असते आणि एका बाजूला ती आरपार गेलेली असते. हा जुना वॉशर हार्डवेअरच्या दुकानात नेऊन त्याच मापाचा घ्यावा; त्याची किंमत किरकोळ असते. सायकलच्या ट्यूबचा किंवा जुन्या चपलेचा तुकडा कापून लावण्याची रीत अडीनडीला ठीक आहे, पण ते रबर नरम असल्यामुळे गरम पाण्यात फार काळ टिकत नाही. नवा वॉशर बसवण्यापूर्वी सीटवरून बोट फिरवून पाहावे. कड गुळगुळीत लागली तर काम झाले, खरखरीत किंवा तुटकी लागली तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जाईल, आणि तेव्हा सीट घासून सपाट करण्याचे हत्यार असलेल्या प्लंबरला बोलावणे हाच स्वस्त मार्ग ठरतो.

केवळ पाव फेऱ्यात उघडणाऱ्या आधुनिक कॉकमध्ये वॉशरऐवजी सिरॅमिकच्या, म्हणजे भाजलेल्या कठीण मातीच्या, दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यात अडकलेला कण धुऊन निघाला तर खर्चाविना गळती थांबते. चकतीला चरा पडला असेल तर संपूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. तो घेताना जुना बरोबर नेणे आवश्यक आहे, कारण मूठ अडकवण्याचे दात आणि दांड्याची लांबी उत्पादकागणिक बदलते. सांध्यातील गळतीसाठी जुने कारागीर सूत आणि सफेदा वापरत. त्या सफेद्यात शिसे असे, आणि पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध येणे घातक होते. आजची टेफ्लॉनची पांढरी टेप त्याहून स्वस्त आणि निर्धोक आहे. मात्र नळीचे टोक आपल्याकडे करून ती घड्याळाच्या दिशेने गुंडाळावी, अन्यथा जोड आवळताना ती उलगडून येते.

जेथे बोअरचे पाणी वापरले जाते तेथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार शॉवरच्या छिद्रांत साठतात, पाण्याच्या धारा वेड्यावाकड्या जातात, आणि शॉवर बाद झाला असे समजून तो फेकला जातो. वास्तविक जाळी काढून काही तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाचा रस घातलेल्या कोमट पाण्यात बुडवली आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासली तर ती बहुधा पूर्ववत होते. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र वापरू नये. ते क्षारांबरोबर वरचा क्रोमचा मुलामाही खाते.

या साध्या कामाला सार्वजनिक कामाचे मोल असते, हे मुंबईलगतच्या मीरा रोड येथे लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी दाखवून दिले. २००७ मध्ये त्यांनी ड्रॉप डेड फाउंडेशन सुरू केले, आणि दर रविवारी एक प्लंबर व एक स्वयंसेवक यांना बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचा नेम धरला. त्या कामात मोठी यंत्रसामग्री नव्हती, होते ते मुख्यतः वॉशर आणि पाने; आणि तरीही एखाद्या मोठ्या योजनेइतक्याच आदराने त्याची नोंद घेतली गेली पाहिजे.

गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना पडणारे थेंब या साऱ्यापासून वेगळे काढले पाहिजेत. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वाढलेला दाब त्या वाटेने सुटतो. ते तोंड कधीही बुजवू नये, कारण टाकीतील दाबाला दुसरी वाट राहत नाही. त्याचप्रमाणे भिंतीत पूर्ण गाडलेला कॉक, ज्याला कन्सील्ड कॉक म्हणतात, त्याचा स्पिंडल समोरून बदलता येतो. पण त्याच्या पितळी शरीरालाच तडा गेला असेल तर लाद्या फोडाव्या लागतात, आणि ते घरी करण्याचे काम नव्हे. त्यासाठी पैसे जमेपर्यंत न्हाणीघराच्या नळीचा व्हॉल्व्ह अंघोळीपुरता उघडावा, एरवी मिटलेला ठेवावा. आणि तसा वेगळा व्हॉल्व्ह नसेल, तर शॉवरखाली बादली ठेवून ते पाणी फरशी पुसण्यास किंवा झाडांना वापरावे.