आजीचं पोट नि बाळाचं पोट

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना जुलाब लागले. रात्रीची उरलेली आमटी घरात सगळ्यांनीच खाल्ली होती. बाकीच्यांचं पोट एका दिवसात सावरलं, आजींना मात्र तीन दिवस सलाईन लागलं. त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही सगळ्या म्हणालो होतो, "अंगात ताप नाही, पाणीसुद्धा मागत नाहीत, म्हणजे किरकोळ असेल." आम्ही चुकलो होतो.

आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा आतड्यात असतो. पोटात गेलेल्या घासातलं अन्न कुठलं आणि रोगाचा जंतू कुठला, हे त्यांना ओळखावं लागतं. लहान आतड्याच्या भिंतीत या पेशींच्या जणू चौक्याच असतात. १६७७ साली पेयर नावाच्या स्विस डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पेयर पॅच म्हणतात.

तान्ह्या बाळाच्या चौक्यांवरचे राखणदार नवखे असतात. त्यांची उणीव आईचा चीक भरून काढतो, म्हणून तो फेकायचा नाही, हे आपण कितीदा बोललोय. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना रोटाव्हायरसची लस तोंडातून देतात, तीही आतड्यातल्या राखणदारांना शत्रूची ओळख पटावी म्हणूनच.

मूल वयात येईपर्यंत या चौक्या वाढत जातात, दोनशेच्या पुढे जातात. मग हळूहळू कमी होतात. नव्वदीपुढे निम्म्याच्या आसपास उरतात. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, ती नवे राखणदार तयार करून धाडते. तीही तरुणपणापासूनच आकसायला लागते. म्हणजे म्हातारपणी राखणदार असतात, पण बरेचसे जुने. आजी म्हणतात ना, "आम्ही ओढ्याचं पाणी पिऊन वाढलो, काही झालं नाही." त्यांचं खोटं नाही. तेव्हाचे काही शत्रू त्यांच्या पेशींना अजून आठवत असतील. नवा जंतू आला की मात्र त्याला ओळखून तोंड देणारे थोडे, आणि तेही सावकाश निघतात.

शिवाय म्हातारपणी आजार मोठा असला तरी ताप येईलच असं नाही. तहानही कमी लागते. अंगातलं पाणी आटत जातं आणि माणूस गप्प पडून राहतं. आम्हाला वाटलं, आजींना आराम पडलाय.

आता आमच्या गटात ठरलंय. म्हाताऱ्या माणसाला जुलाब लागले की मागायची वाट बघायची नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं, घोट घोट पाजत राहायचं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाजायचं ते आधी डॉक्टरांना विचारायचं. लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली, गुंगी आली किंवा शौचातून रक्त गेलं, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि उरलेलं अन्न सासूच्या ताटात सारायचं बंद. हे शेवटचं बोलताना दोघीतिघींनी माना खाली घातल्या, आम्हीही घातली.

त्या आजी आता बऱ्या आहेत. सून ताजं, गरम वाढायला लागली तर म्हणतात, "मी काय तान्हं बाळ आहे का गं?" आणि ताट पुढे ओढतात.