शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही, गिरणी कामगार आहे. पण आपल्या वस्तीत आज घरटी एक तरी औषधाची पिशवी खुंटीला टांगलेली दिसते. साखर, रक्तदाब, दमा, संधिवात, किडनी. एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन दुखणी. ही दुखणी चार दिवसांच्या पाहुण्यासारखी नाहीत, मुक्कामाला आलेली आहेत. त्यांच्यासोबत नीट राहायचे कसे, एवढेच मी बोलणार आहे.

दुखणे आले की कोणीतरी म्हणतोच, "मागच्या जन्मीचे पाप." मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न भगवान बुद्धांना विचारला होता. बुद्धांनी सांगितले की, पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, मारहाण अशा अनेक कारणांनी वेदना होतात. सगळेच पूर्वकर्मामुळे होते हे म्हणणे चूक आहे. आम्हा गिरणीवाल्यांचेच बघा. कापसाच्या धुळीने छाती आवळते, सुट्टीनंतर कामावर गेले की जास्तच. त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि कायद्यात तो धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे. यात कामगाराचे कसले आले पाप? मग अंगारा आणि गंडेदोरे कशाला? 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, त्या काय भिंतीवर लावायला?

आता विनयातली एक गोष्ट सांगतो. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रोग्याची सेवा करावी. तिथेच रोग्यानेही कसे वागावे याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. हितकारक तेच करावे, त्यातही प्रमाण ओळखावे, औषध वेळेवर घ्यावे, दुखणे वाढले की कमी झाले ते सेवा करणाऱ्याला खरे सांगावे, आणि वेदना सोसावी.

या पाचांत आपण चौथ्यात नापास आहोत. बापे सांगत नाहीत, कामाचा खाडा होईल म्हणून. बायका सांगत नाहीत, घरचे जेवायचे राहतील म्हणून. म्हणून एक वही करा. सगळ्या गोळ्यांची नावे, साखर, रक्तदाब त्यात लिहा आणि प्रत्येक डॉक्टरला तीच वही दाखवा. एकाची गोळी दुसऱ्याला ठाऊक नसली तर घोटाळा होतो. अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने रोज घेऊ नका, ती किडनी बिघडवते. साखर असेल त्याने रोज रात्री तळपाय बघावेत, अनवाणी फिरू नये; पाय बधिर असला की जखम झालेली कळत नाही. औषध चालू असताना घाम सुटला, हातपाय थरथरले, तर साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

प्रमाणाचे म्हणाल तर सोण भिक्खूची वीणा आठवा. तार फार ताणली तरी सूर नाही, ढिली सोडली तरी नाही. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याचे काम उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हे तार ताणणे झाले. थोडे काम, थोडी विश्रांती. पाठ दुखू लागली तेव्हा खुद्द बुद्धांनी आनंदाला उपदेश करायला सांगितले आणि आपण आडवे झाले. त्यात कमीपणा कसला?

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी शरीराची पर्वा केली नाही. अहो, बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांचे दुखणे होते, आणि ते उपचार घेत होते. डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांची ओळख उपचारातूनच वाढली. 15 एप्रिल 1948 ला विवाह झाला. पथ्यपाणी सांभाळणे म्हणजे चळवळ सोडणे नव्हे.

मनाचेही बोलू. बुद्ध सांगतात, अंगाचे दुखणे हा पहिला बाण, "माझ्याच नशिबी का?" म्हणून जळत राहणे हा दुसरा. पहिल्याला डॉक्टर आहे. दुसऱ्यासाठी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसा. गोळी बंद करून नव्हे, गोळी घेऊन बसा. आणि झोप उडाली, जगणे नको वाटू लागले, तर तेही डॉक्टरला सांगा. तो वेडेपणा नाही, तेही दुखणेच.

शेवटी, सेवा करणाऱ्या माउलीकडे बघा. वर्षानुवर्षे ती जागते, उरलेसुरले खाते, तिचा रक्तदाब कोणी मोजत नाही. घरातल्या पोरांनी, पुरुषांनी आठवड्यातून दोन दिवस तिची पाळी घ्यावी. आणि समितीला माझी विनंती आहे की, पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक वही आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन दोन तरुण इथे बसवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाळीपाळीने जा. विहाराच्या भिंतींना रंग दरवर्षी लागतो, लागू द्या. पण शेजारच्या खोलीतला माणूस त्या भिक्खूसारखा एकटा पडला असेल, तर आपली वंदना कुठे पोहोचणार?

जय भीम! नमो बुद्धाय!